सीताफळाला डोळे किती?

एक सीताफळ समोर ठेवा. नसेल तर डोळ्यांसमोर आणा. आता वहीत लिहा, 'सीताफळ म्हणजे…' आणि वाक्य पुरं करा.

काय लिहिलंत? हिरवा चेंडू? साखरेचा गोळा? पैज लावतो, अर्ध्या वर्गानं हेच लिहिलं असणार! मेंदूची खोडच तशी. काही विचारलं की हाताशी असेल ते उत्तर तो पुढे करतो, आणि हाताशी असलेलं सगळ्यांचं साधारण सारखंच असतं. १९५७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. लोकांना एकाच प्रश्नाची सुचतील तेवढी उत्तरं द्यायला लावली. सुरुवातीला आलेली उत्तरं नेहमीचीच होती. पुढेपुढे मात्र फारशा कुणाला न सुचणारी उत्तरं यायला लागली.

म्हणजे 'आता काहीच सुचत नाहीये' असं वाटतं, तिथून पुढे खरी गंमत! आपण नेमकं तिथंच पेन खाली ठेवतो.

तुम्ही ठेवू नका. चला बीडला. तिथल्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळाची झाडंच झाडं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. फळ उतरवण्याआधी तिथला शेतकरी काय बघतो, माहीत आहे? डोळे उघडलेत का ते! फळावरचे फुगीर खवले म्हणजे त्याचे डोळे. फळ तयार होत आलं की दोन डोळ्यांमधली खाच रुंदावते आणि तिथं पिवळसर पांढरी झाक येते. पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल हे 'डोळे उघडले'? मला तर वाटतं, रोज झाडाखाली जाऊन मान वर करून बघणाऱ्यानंच.

अजून जवळ जाऊ. सीताफळाच्या एकाच फुलात खूप स्त्रीकेसर असतात. एकेका स्त्रीकेसराचा गराचा एकेक कप्पा होतो, बहुतेक कप्प्यांत एकेक बी, आणि सगळे एकमेकांना चिकटून एक फळ. म्हणजे हे एकटं फळ नाहीच, गर्दी आहे! हे कळल्यावर वाक्य पुन्हा लिहून बघा. मी लिहिलं, 'सीताफळ म्हणजे दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेली, माणसांनी खच्चून भरलेली ट्रॉली.' चेंडूपेक्षा बरं आहे की नाही?

पण एकदा जमलं म्हणून रोज जमत नाही. त्याला सराव लागतो, आणि असा सराव जात्यावर दळणाऱ्या आयाबाया शेकडो वर्षं करत आल्या. पहाटे उठायचं, जात्यात जोंधळे टाकायचे, खुंटा धरायचा आणि ओवी गायची. एकीनं म्हणायची, दुसरीनं उचलायची. ओवीची चाल ठरलेली, सुरुवातीचे शब्दही कितीदा तरी ठरलेले. त्यामुळे सगळं डोकं मोकळं राहायचं ते नव्या उपमेसाठी! हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन या अभ्यासकांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी त्यांना डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्याही गाऊन दाखवल्या. चाल जुनी, पण त्यात माणूस नवा, गोष्ट नवी.

माजलगावहून अंबाजोगाईला जाऊ. तिथं संतकवी दासोपंत होऊन गेले, १५५१ ते १६१५. त्यांच्या 'गीतार्णव' ग्रंथात सव्वा लाख ओव्या आहेत असं सांगतात! त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आहे. कागदानं भागेना की काय, सुमारे चाळीस फूट लांब कापडावरही त्यांनी लिहिलं. ती 'पासोडी' म्हणून प्रसिद्ध आहे. सव्वा लाखांतली प्रत्येक ओवी झकास असेल असं मला वाटत नाही. असायलाच हवी असंही नाही. चांगल्या ओळीची वाट बघत बसले असते, तर शाई वाळून गेली असती!

आता अशी उपमा ऐकताना डोक्याच्या आत काय चालतं तेही बघू. २०१२ साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात कृष साथियान आणि सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाक्यं ऐकवली. काही साधी, तर काहींमध्ये खरखरीत, मऊ अशा स्पर्शाची रूपकं. रूपकं ऐकताना मेंदूतला स्पर्श ओळखणारा भाग जागा झाला. त्याच अर्थाच्या साध्या वाक्यांनी तो तसा जागा झाला नाही. हात कशालाही लागला नव्हता, बरं का!

तर आज रात्री जेवताना ताटातली भाकरी नीट बघा. पापुद्रा, करपलेले ठिपके, बोटांचे ठसे, वाफ. मग 'भाकरी म्हणजे…' अशी दहा वाक्यं लिहा. पहिली पाच खोडून टाका. चंद्र चालणार नाही, तो कवींनी कधीच वापरून टाकलाय. उद्या चप्पल घ्या, परवा दप्तर. आणि आई रागावली तर सांगा, जेवता जेवता लिहायला मासिकानंच सांगितलंय.