गुरुवारची सुट्टी

सकाळी ७.००
भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. एरवी या वेळेला आमच्या शेडमधले दोन्ही सीएनसी लेथ चालू असतात. आज शटर अर्धं वर करून एकटाच आत शिरतो. टेबलावर ईएन १९ चा शाफ्ट पडला आहे, दोन तुकडे झालेला. ग्राहकाकडे तुटलेला हा चौथा. सोबत डेबिट नोट. मी म्हणतो मटेरियल खराब, मटेरियलवाला म्हणतो हीट ट्रीटमेंट चुकली, हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो तुमचं मशिनिंग बघा. या टोलवाटोलवीत दोन महिने गेले.

दोन्ही तुकडे वेगवेगळ्या फडक्यांत बांधतो. तुटलेली तोंडं एकमेकांना जुळवून बघायची नाहीत, पुसायचीही नाहीत, अशी गेल्या गुरुवारीच कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ताकीद मिळाली आहे. साक्षीदार तीच आहेत.

सकाळी ८.३०
नाशिक फाट्याला मेट्रो. मांडीवर पिशवी, पिशवीत आठ किलो लोखंड. दापोडी, खडकी मागे पडतात आणि गाडी जमिनीखाली शिरते. उतरायचं शिवाजीनगरला.

सकाळी ९.१५
सीओईपीच्या फाटकाशी आजही पाय जरा अडखळतो. मी डिप्लोमावाला, इथे प्रवेश मिळण्याइतके मार्क कधी पडले नाहीत. १८५४ साली सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करायला पुण्यात एक वर्ग निघाला, त्याचं पुढे हे अभियांत्रिकी कॉलेज झालं. २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आमच्यासारख्या आठ-दहा कामगारांच्या शेडवाल्याला वाटतं, इथे मोठ्या कंपन्यांचीच कामं होत असणार. मला मात्र एक अर्ज आणि तपासणीची फी एवढंच लागलं.

सकाळी १०.००
मेटलर्जीची प्रयोगशाळा. गेल्या खेपेला याच शाफ्टमधून कापून दिलेल्या तुकड्याचे निकाल इथल्या मॅडम समोर ठेवतात. स्पेक्ट्रोवर रसायन बरोबर. हार्डनेस ३० रॉकवेल, म्हणजे हवी तेवढीच. मी जरा हिरमुसतो. दोष मटेरियलवाल्याच्या माथी मारायची सोय गेली. मग मॅडमचे प्रश्न सुरू होतात. शाफ्ट किती महिने चालला? बेल्ट किती ताणलेला होता? चारही एकाच जागी तुटले का? शेवटच्या प्रश्नावर मी गप्प. पहिले तीन मी भंगारात टाकले होते.

दुपारी १२.००
फडकं सोडलं जातं. भिंगाखाली तुटलेलं तोंड. भरती ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा वळणदार रेघा, एकीबाहेर एक. भेग एका दिवसात गेलेली नाही. शाफ्ट फिरत होता आणि ती दर फेऱ्याला कणाकणाने आत सरकत होती. शेवटी उरलेला भाग एका झटक्यात तुटला. तो खडबडीत दिसतो, आणि तो फारच लहान आहे.

"म्हणजे भार जास्त नव्हता," मॅडम म्हणतात. "आता या रेघा मागे मागे नेत कुठे पोचतात ते तुम्हीच बघा."

रेघा पोचतात शाफ्टच्या पायरीशी. जाड व्यास संपून बारीक सुरू होतो, त्या कोपऱ्यात.

दुपारी १.१५
कँटीनमध्ये चहा, माझा डबा. सोबत एम.टेक.चा विद्यार्थी. त्याला माझा शाफ्ट प्रोजेक्टसाठी हवा आहे. पुस्तकातल्या फोटोपेक्षा हातात आलेला तुटका जॉब बरा, म्हणतो. हा व्यवहार मला पटतो. पुण्यात उद्योग आणि संस्था यांच्यातल्या अशा देवाणघेवाणीची मोठी रूपं पुष्कळ. पुणे विद्यापीठाचं सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्क १९८६ चं. पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर नव्या कंपन्यांना जागा आणि उपकरणं देतं. एनसीएल आणि केपीआयटी कंपनीने मिळून केलेली हायड्रोजनवर चालणारी बस २०२२ साली याच शहरात दाखवली गेली. पण बस करणाऱ्यांपेक्षा शाफ्ट करणारे कितीतरी जास्त आहेत.

दुपारी २.३०
लॅबमधल्या मामांनी बेकलाइटमध्ये बसवलेला नमुना एमरी पेपरवर घासून, मग पॉलिश करून आरशासारखा केला आहे. वरून काही सेकंद नायटल, मग पाणी, अल्कोहोल, गरम हवा. सूक्ष्मदर्शकात रचना स्वच्छ दिसते. हीट ट्रीटमेंटवालाही सुटला. आता मापणी. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याला २ मिलिमीटरची गोलाई मागितली आहे. प्रत्यक्षात ०.४.

०.४ हा आकडा माझ्या ओळखीचा आहे. आमच्या इन्सर्टच्या टोकाची गोलाई तेवढीच. प्रोग्रॅममध्ये कोपऱ्याच्या वळणाची ओळच नव्हती. टूलने स्वतःचं टोक तेवढं उमटवलं.

दुपारी ३.३०
मॅडम फळ्यावर आकृती काढतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून मोठा रेल्वे अपघात झाला. पुढच्याच वर्षी रँकिन या तरुण इंजिनिअरने आसांच्या तुटण्यावर लिहिताना बोट ठेवलं ते अशाच धारदार कोपऱ्यांवर. हेच रँकिन पुढे ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. आमच्या शेडमध्ये मात्र रेडियस गेजसुद्धा नाही. इन्स्पेक्शन रिपोर्टवर त्या रकान्यात दर वेळी नुसतं 'ओके' पडायचं.

संध्याकाळी ६.००
परत शेडमध्ये. सेटरला फोन. "शेठ, सुट्टी ना आज?" तो म्हणतो. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवायची आहे, बाकी काही नाही. दुसरा फोन मटेरियलवाल्याला. तो जड जातो. माफी मागायची आहे.

नवं मशीन घेतलेलं नाही, पेटंट काढलेलं नाही. पण आमच्या तिघांच्या भांडणात नसलेल्या एका चौथ्या माणसाने शाफ्ट नीट पाहिला, आणि उत्तर सापडलं.

भोसरीतल्या शेजाऱ्यांना एवढंच सांगणं. गुरुवारी आपल्याला सुट्टी असते, कॉलेज उघडं असतं. तुटलेला जॉब भंगारात टाकण्याआधी एकदा फडक्यात बांधून तिकडे घेऊन जा.