चाकांवरचे घर : लेखांक ११ – मुक्कामावरचे हेलकावे

मागील लेखांकाच्या अखेरीस सांडपाण्याच्या टाक्यांचे प्रकरण घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु दरम्यान न्यू जर्सीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न इतका मुळाशी जाणारा व माझ्या इतक्या आवडीचा निघाला, की टाक्यांचे काम आठवडाभर तहकूब ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ह्या बाई सांगलीहून मुलाकडे आल्या आहेत. मुलाने सव्वीस फुटी ट्रेलर घेतला आहे. आणि पहिल्याच मुक्कामात त्यांच्या असे प्रत्ययास आले, की रात्री नातू पाणी प्यायला उठला तरी बिछाना हलतो, कूस बदलली तरी हलतो, आणि डोळे मिटून पडावे तर भोवळ येते. मुलाने इलाज म्हणून चारी कोपऱ्यांचे जॅक ड्रिलने आणखी घट्ट पिळले. हेलकावे होते तेथेच राहिले. उलट न्हाणीघराचे दार चौकटीत अडकू लागले. उभी गाडी हलावी का, आणि जॅक पिळल्याने दार का अडावे, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या उत्तरात दडलेले असल्याने आरंभ पहिल्यापासून करतो.

ट्रेलर हलतो तो काही निकृष्ट बांधणीमुळे नव्हे. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या ज्या कारखान्यांत अमेरिकेतील बहुसंख्य ट्रेलर तयार होतात, तेथील कारागिराला एका गोष्टीची चिंता सर्वांत आधी वाहावी लागते, ती ही, की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा घराच्या भिंतींपर्यंत पोहोचू नये. आणि ह्याच हेतूने तो आसांवर कमानपाटे बसवितो, कमानपाट्यांची टोके झुलत्या पट्ट्यांना टांगतो, दोन आसांमध्ये भार वाटून घेणारा इक्वलायझर लटकवितो, आणि ह्या सर्वांखाली हवेने भरलेले चार टायर घालतो. वाटेत ही व्यवस्था प्राणरक्षक असते. परंतु मुक्काम पडल्यावर ती रजेवर जात नाही. जमीन आणि आपला बिछाना ह्यांच्यामध्ये तीच झुलती, लवचीक, हवा भरलेली साखळी कायम राहते, आणि तीन टनांच्या आसपास वजन असलेले घर तिच्यावर तोललेले असते. बहुतेक ट्रेलरांना मोटारीसारखे शॉक अॅब्सॉर्बरही नसतात. त्यामुळे एकदा सुरू झालेले आंदोलन पाट्यांच्या परस्पर घर्षणानेच काय ते शमते.

येथे थोडे गणित सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. स्प्रिंगवर ठेवलेले वजन सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, हे ते स्प्रिंग त्या वजनाखाली स्थिर स्थितीत किती दबले आहे एवढ्यावरून काढता येते. पाटे आणि टायर मिळून भाराखाली ६ सेंटिमीटर दबलेले असतील, तर घराचे नैसर्गिक आंदोलन सेकंदाला दोनच्या अगदी जवळ येते. आणि निरोगी माणूस साधारण चालीने चालतो तेव्हा त्याची पावलेही मिनिटाला शंभर ते एकशेवीस, म्हणजे सेकंदाला दोनच्या सुमारासच पडतात. नातवाच्या पावलांचा ठेका आणि घराच्या झुलण्याचा ठेका एकच असल्यामुळे प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाने दिलेल्या झोक्यात भर घालते, आणि वीस किलोचे मूल तीन टनांचे घर हलवू शकते. तेव्हा आपले काम नुसते आधार देण्याचे नाही; घराचा ठेका माणसाच्या पावलांच्या ठेक्यापासून दूर नेण्याचे आहे. तो दुप्पट द्रुत करावयाचा, तर आधाराचा ताठरपणा चौपट व्हावा लागतो, आणि एखाददुसऱ्या उपायाने समाधान का होत नाही ह्याचे मर्म ह्या चौपटीत आहे.

घर तीन प्रकारे हलते : वरखाली, पुढेमागे आणि डावीउजवीकडे. ह्या तिन्हींची औषधे निरनिराळी आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्यावर चालत नाही, हे ध्यानात न घेतल्यामुळेच लोकांचा पैसा व श्रम वाया जातात.

वरखाली हलणे सर्वांत सोपे. चार कोपऱ्यांचे जॅक त्यासाठीच असतात. मात्र ते टेकू आहेत, गाडी उचलण्याची साधने नव्हेत, आणि कारखान्याच्या पुस्तिकेतही तसा स्पष्ट इशारा असतो. ट्रेलरचा सांगाडा म्हणजे लांबीने टाकलेल्या दोन पोलादी तुळया. त्यांचा मुख्य भार मध्यावरच्या आसांवर, आणि दोन्ही टोके मोकळी. ह्या मोकळ्या टोकांचे चार कोपरे चार जॅकनी वर रेटले, तर चौघांचा रेटा सारखा असणे जवळजवळ अशक्य. तिवई कोणत्याही जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. चौरंगाचा मात्र चौथा पाय अधांतरी राहतो किंवा इतर तिघांशी भांडतो. चौरंग भक्कम असल्याने हे भांडण सोसतो. ट्रेलरचा सांगाडा ते सोसत नाही. तो पिळवटतो, आणि तो पीळ भिंतींतून चढत चढत जेथे चौकट सर्वांत नाजूक तेथे, म्हणजे न्हाणीघराच्या दारात, प्रकट होतो. दार अडले की समजावे, जॅक मर्यादेपलीकडे गेले. ते सैल करावेत. बहुधा दार पुन्हा सुरळीत लागू लागेल.

ह्यापेक्षा सौम्य अशी एक रीत आहे, आणि ती मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगत असतो. डावीउजवीकडची पातळी टायरखाली फळ्या घालून आधीच साधलेली असावी, चाकांना पाचरी लागलेल्या असाव्यात, आणि मगच गाडी मोटारीपासून सोडावी. आता मोटारीला जोडणाऱ्या पुढील दांड्यावरचा जॅक खाली घेऊन घराचे तोंड बोटभर झुकवावे. पाणसळीतील बुडबुडा मागे सरकेल, म्हणजे घराची पाठ उंचावली. ह्या स्थितीत मागील दोन जॅक उतरवून जमिनीला नुसते घट्ट टेकवावेत. मग दांड्याचा जॅक वर घेऊन बुडबुडा मध्यावर आणावा. तोंड वर येताना पाठ खाली बसते आणि आपल्या वजनाचा काही भाग आपोआप मागील जॅकवर सोडते. हाताने पिळून जो भार कधी समप्रमाणात आला नसता, तो दोन्हींवर सारखा येतो. शेवटी पुढचे जॅक टेकवून त्यांना अर्धा फेरा अधिक द्यावा, आणि थांबावे. जॅक जितका कमी उघडलेला तितका तो ताठ, म्हणून त्याच्या पायाखाली जाड लाकडी ठोकळा देऊन त्याची उंची वाचवावी.

पुढेमागे हलणे हा माझा खास विषय, आणि त्याला थोडी अधिक जागा देण्याची परवानगी वाचकांनी द्यावी, कारण ह्या हालचालीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. युरोपातील कॅरॅव्हॅनला हातब्रेक असतो. अमेरिकन ट्रेलरला सामान्यतः तो नसतो. त्याचे ब्रेक विजेवर चालतात व मोटारीतून प्रवाह मिळेल तेवढाच वेळ लागतात. गाडी वाटेत तुटून सुटली तर खीळ निघून ब्रेक लागावेत अशी एक आणीबाणीची तजवीज दांड्यावर असते. परंतु मुक्कामावर ती खीळ ओढून ठेवणे सर्वथा अयोग्य, कारण त्याने बॅटरी संपते आणि ब्रेकमधील विद्युतचुंबक विनाकारण तापत राहतात. तेव्हा उरतात त्या पाचरी. पाचर चाकाला घरंगळू देत नाही हे खरे, पण टायर वर्तुळाकार आणि मऊ असल्याने पाचर लागल्यानंतरही तो आपल्याच रबरात किंचित पुढेमागे लोळतो; त्यात इक्वलायझर डोलतो आणि पाट्यांच्या टोकांच्या पट्ट्या झुलतात. तीन ठिकाणची ही थोडी थोडी ढिलाई एकत्र होऊन बिछान्यापर्यंत पोहोचते.

ह्यावरचा उपाय मोठा समाधान देणारा आहे. दोन आसांच्या ट्रेलरला एकाच बाजूचे दोन टायर जवळजवळ असतात. त्यांच्या मधल्या फटीत स्क्रूने फाकणारी, कात्रीच्या आकाराची एक पाचर मिळते, ती बसवून पान्याने फिरवली की तिचे दोन जबडे दोन्ही टायरांना परस्परांपासून दूर रेटतात. पुढचा टायर पुढे लोळू पाहील तर त्याला मागच्याची साथ हवी, आणि मागचा तर उलट दिशेला रेटलेला. अशा रीतीने दोघे एकमेकांचे जामीन होतात. बसवताना जबडा रबरावर सपाट टेकला आहे ना, हे वाकून डोळ्यांनी पाहावे. तिरपा टेकला तर थोड्या वेळाने सुटतो. हे साधन संध्याकाळी घट्ट केले आणि पहाटे सैल आढळले तर अचंबा नको. हवा थंडावली की टायरमधील दाब दर १० अंश फॅरनहाइटला सुमारे दोन टक्के उतरतो, आणि टायरचा फुगवटाही त्या मानाने ओसरतो. म्हणून झोपण्यापूर्वी पान्याचा आणखी एक हात मारून ठेवावा.

तिसरी हालचाल डावीउजवीकडची. २००० सालच्या १० जूनला लंडनचा मिलेनियम पूल खुला झाला, आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी तो इतका आडवा डुलू लागला की दोन दिवसांत बंद करून, आंदोलन शमविणारी यंत्रे बसवून, २००२ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडावा लागला. चालताना माणूस आपला भार आलटून पालटून डाव्या उजव्या पायावर टाकतो, म्हणून आडवा धक्का दर दोन पावलांनी एकदा त्याच बाजूला बसतो, आणि सेकंदाला एकाच्या आसपास आडवी डुलणारी कोणतीही रचना ह्या धक्क्याला वश होते. उंच, अरुंद आणि मऊ पाट्यांवर बसलेला ट्रेलरही ह्याच वर्गातला. येथे कोपऱ्यांचे जॅक फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण कात्रीसारखा उघडणारा हा सिझर जॅक उभ्या भाराला समर्थ असला तरी आडव्या रेट्याला दुबळा असतो. त्याच्या सांध्यांतील पिना भोकांत किंचित सैल असतात, आणि जॅक, जमीन व तुळया मिळून जो आयत होतो तो कोपऱ्यांवर मोडून सहज समांतरभुज चौकोन बनतो. आयत मोडतो, त्रिकोण मोडत नाही. लोखंडी पुलाच्या प्रत्येक कैचीत हेच तत्त्व राबते. जॅकच्या पायापासून समोरच्या तुळईपर्यंत तिरप्या लागणाऱ्या, एकीत एक सरकणाऱ्या नळ्यांच्या जोड्या ह्यासाठीच निघाल्या आहेत : जॅक उतरवताना त्या मोकळ्या सरकतात, आणि जॅक टेकल्यावर त्यांची मूठ आवळली की प्रत्येक आयताचे त्रिकोण होतात. खर्चाची तयारी एकाच सुधारणेपुरती असेल, तर ती ह्या तिरप्या नळ्यांवर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीकर बाईंच्या मुलालाही माझी हीच शिफारस राहील, कारण भोवळीच्या तक्रारीत मला तरी बहुधा ही आडवी हालचालच सापडली आहे.

ह्या संदर्भात मला नेहमी आठवतो तो जगातील सर्वांत विख्यात ट्रेलर. १९६९ च्या जुलैत चांद्रमोहिमेवरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स ह्यांना हॉर्नेट ह्या युद्धनौकेवर उतरताच ज्या विलगीकरण कक्षात नेण्यात आले, ज्याच्या खिडकीबाहेर उभे राहून अध्यक्ष निक्सन त्यांच्याशी बोलले, आणि ज्यात बसूनच ते पुढे विमानाने ह्यूस्टनला पोहोचले, तो कक्ष म्हणजे एअरस्ट्रीम ट्रेलरचेच रूपांतर होते, आणि त्याची चाके काढून टाकलेली होती. आज तो व्हर्जिनियातील शँटिली येथे संग्रहालयात आहे. आपल्याला चाके काढता येत नाहीत, उद्या पुढे जावयाचे असते. परंतु पाचर, तिरपी नळी आणि टेकू ह्या सर्वांचे उद्दिष्ट तेच : मुक्कामापुरते चाकांना आणि पाट्यांना कामावरून दूर करणे.

जमिनीबद्दल थोडक्यात. मिशिगन सरोवराच्या काठी, लडिंग्टनच्या टापूत, वाळूत जॅकचा तळहाताएवढा पाय रात्रीत रुततो. त्याखाली फूटभर चौरस जाड प्लायवुड घालावे, म्हणजे तोच भार अनेक पट क्षेत्रावर विभागला जातो. पाऊस होऊन गेल्यावर सर्व टेकू पुन्हा तपासावेत.

वाऱ्यापुढे मात्र जमीन कितीही कठीण असली तरी भागत नाही. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात हजारो ट्रेलर मोकळ्या माळावर उतरतात, तेथे हे पाहावयास मिळते. ताशी ४० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर साडेसात किलोग्रॅमच्या आसपास दाब देतो. सव्वीस फुटी ट्रेलरची बाजू सतरा-अठरा चौरस मीटर भरते, म्हणजे एकशेतीस किलोग्रॅमहून अधिक रेटा, आणि तोही झोतांनी, कमीअधिक होत येणारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. घराचे तोंड वाऱ्याकडे केले की हाच रेटा तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणून जागा निवडण्याची मोकळीक असेल तेथे सावली आणि देखावा पाहण्यापूर्वी वाऱ्याची दिशा विचारून घ्यावी, आणि गाडी तिच्या रोखाने लावावी.

निघताना क्रम उलटा. प्रथम मोटार लावून दांड्याच्या टोकाचा कप्लर मोटारीच्या हिचवरील बॉलवर बसवावा, त्याची कडी व साखळ्या अडकवाव्यात. त्यानंतर तिरप्या नळ्यांच्या मुठी सैल करून चारी जॅक पूर्ण वर घ्यावेत, मग टायरांमधील कात्री काढावी, आणि चाकांच्या पाचरी सर्वांत शेवटी, कारण कडी लागण्यापूर्वी त्या काढल्या तर उतारावर गाडी थोपविणारे दुसरे काहीही उरत नाही.