अनावर हालचाली व त्यांवरील अभ्यास

शरीर हें मनाचें आज्ञाधारक सेवक आहे, असा आपला सामान्य समज असतो. परंतु कांहीं माणसांच्या बाबतींत शरीराचा एखादा भाग धन्याला न विचारतां काम करतो. डोळे वारंवार मिचकतात, मान झटक्यानें वळते, खांदा उडतो, किंवा घशांतून खाकरल्यासारखा आवाज निघतो. अशा हालचालींना व आवाजांना वैद्यकांत ‘टिक’ असें म्हणतात.

आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार नवा नाहीं. फळ्यावर लिहितांना माझा उजवा खांदा उडतो, हें तुम्हीं पाहिलें आहे. आणि मागच्या बाकांवर त्याची नक्कल होते, हें मींही पाहिलें आहे. त्याबद्दल माझा राग नाहीं. मीं स्वतः लहानपणीं याच खांद्यासाठीं छड्या खाल्ल्या आहेत. मुलगा मुद्दाम चाळे करतो, असें गुरुजींस वाटे. पण छडी दिसतांच खांदा अधिकच उडे. असें कां होई, तें मला चाळिशी उलटल्यावर समजलें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

१८८५ सालीं जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरांनीं अशा नऊ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. अनेक हालचालींच्या जोडीला आवाजही असेल, अठरा वर्षांच्या आंत आरंभ झालेला असेल व वर्षाहून अधिक काळ विकार टिकला असेल, तर त्याला अद्याप त्यांचेंच नांव देतात. टिक बहुधा पांच ते सात वर्षांच्या वयांत सुरू होतात, दहा ते बारा वर्षांच्या सुमारास जोर करतात व पुढें पुष्कळांच्या ओसरतात. कांहींच्या मात्र प्रौढपणींही राहतात. हें वेड नव्हे, वाईट वळण नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. नको असलेल्या हालचालींना आवर घालणारी जी यंत्रणा मेंदूंत असते, तिच्या कार्यांत हा फरक असतो. आणि तो अनेकदां घराण्यांत चालत आलेला आढळतो. थकवा, काळजी व लोकांचें रोखून पाहणें यांनीं टिक वाढतात. छडीचा परिणाम उलटा झाला तो यामुळेंच.

शिंक येण्यापूर्वीं नाकांत जशी चुणचुण होते, तसा कांहींसा ताण टिक येण्यापूर्वीं त्या अवयवांत बहुधा जाणवतो. हालचाल केली कीं क्षणभर सुटका होते. या पूर्वसूचनेवरच एका अभ्यासाची उभारणी झाली आहे. अ‍ॅझ्रिन व नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं तो १९७३ सालीं मांडला व पुढें इतरांनीं त्यांत भर घातली.

त्याची पहिली पायरी म्हणजे ओळख. टिक केव्हां येते व तिच्या आधीं काय जाणवतें, याची रोज नोंद ठेवावयाची. दुसरी पायरी म्हणजे विरोधी क्रिया. ताण जाणवतांच, त्या टिकबरोबर एकाच वेळीं होऊं शकणार नाहीं अशी दुसरी, चारचौघांच्या नजरेंत न भरणारी क्रिया करावयाची व ती एक मिनिट, किंवा ताण ओसरेपर्यंत, टिकवावयाची. मी कोपर बरगडीला हलकेंच टेकवून खांदा खालीं धरतों. मान वळत असेल तर हनुवटी किंचित् खालीं घेऊन मानेचे स्नायू सौम्यपणें ताठ ठेवावे. आवाज निघत असेल तर नाकानें संथ श्वास चालूं ठेवावा. तिसरी पायरी म्हणजे परिस्थितीची व्यवस्था: ज्या प्रसंगीं टिक वाढतात ते ओळखून त्यांत शक्य तो बदल करणें व शरीर सैल सोडण्याची संवय लावणें.

१६६० सालीं आपल्या पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असतां शिवाजी महाराजांनीं वेढ्यावर समोरून धडक दिली नाहीं. पावसाळ्यांतील रात्रीं आडवाटेनें ते विशाळगडाकडे निघून गेले. या अभ्यासाचें मर्मही तेंच आहे. ताणाशीं झुंजत बसावयाचें नाहीं. दुसरी वाट काढावयाची.

हा रामबाण उपाय मात्र नव्हे. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत सोळा वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या १२२ जणांची पाहणी झाली. दहा आठवड्यांत आठ बैठकांमधून हें शिक्षण मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ३८ जणांत स्पष्ट सुधारणा दिसली. नुसती माहिती व धीर मिळालेल्यांत तें प्रमाण शेंकडा सुमारें ६ होतें. म्हणून हा अभ्यास जाणत्या तज्ज्ञाकडून धीरानें शिकावा. विकार फार पीडा देत असेल तर औषधेंही आहेत. तीं डॉक्टरांनीं ठरवावींत. माझा खांदा अद्याप उडतो, पण पूर्वीपेक्षां कमी. आणि उडाला तरी आतां मला त्याची लाज वाटत नाहीं.

‘हिचकी’ या २०१८ सालच्या हिंदी चित्रपटांतील मुंबईची शिक्षिका आपणांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. तिच्या कथेचा आधार ब्रॅड कोहेन या अमेरिकन शिक्षकाचें खरें आयुष्य आहे. तेव्हां हा विकार असलेला मनुष्य उत्तम शिकवूं शकतो, याविषयीं शंका नको.

पालकहो, घरांत कोणाला टिक असतील तर ‘थांब, थांब’ असें वारंवार म्हणूं नका. त्या माणसाचें सारें लक्ष पुन्हां तेथेंच जातें. त्यापेक्षां त्यानें विरोधी क्रिया साधली तर दोन शब्द शाबासकीचे बोला. आणि विद्यार्थीमित्रहो, पुढल्या वर्षीं माझा खांदा उडाला तर तिकडे न पाहतां फळ्यावरील गणिताकडे पाहा. परीक्षेंत तेंच विचारलें जाणार आहे.