‘आक्रोश’मधला आरोपी गप्प का राहतो?

गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ १९८० साली आला. लेखन विजय तेंडुलकरांचे. चित्रपट हिंदी असला तरी त्यातला अन्याय पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी-ठाकूर वाड्यांना परका नाही. रामवाडीच्या तरुणांनी तो एकत्र बसून पाहावा.

आदिवासी मजूर लहान्या भिकू (ओम पुरी) याच्यावर पत्नी नागीच्या (स्मिता पाटील) खुनाचा आरोप आहे. खरे गुन्हेगार गावातले वजनदार लोक आहेत. सरकारने दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी (नसीरुद्दीन शाह) त्याला पुन्हापुन्हा विचारतो, पण लहान्या तोंड उघडत नाही.

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६२) या अमेरिकन चित्रपटात कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सन कोर्टात खरे सांगतो, तरी गोरे ज्युरी त्यालाच दोषी ठरवतात. लहान्या त्याच्याही एक पाऊल मागे उभा आहे. घरी म्हातारा बाप आहे, तरुण बहीण आहे. आपण बोललो तर त्यांचे काय होईल, हे त्याला ठाऊक आहे. बापाच्या अंत्यसंस्कारासाठी त्याला बेड्यांत आणतात, तेव्हा नागीच्या वाट्याला आले ते बहिणीच्या वाट्याला येऊ नये म्हणून तो तिलाच मारतो. मगच त्याचा आवाज फुटतो.

दुसरे मौन सरकारी वकील दुसाने (अमरीश पुरी) यांचे. तेही आदिवासीच. फोनवरून त्यांना जातीवरून शिव्या येतात, तरी ते त्याच वजनदार लोकांसोबत क्लबात पत्ते खेळतात. शिकून पदावर गेलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाने हे पात्र नीट पाहावे.

आज कायदा बदलला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पुढे कलम १५-अ आले; ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पीडित, त्यांचे अवलंबित आणि साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसन, हे सारे त्यात आहे.

पण लहान्याला वकील मिळालाच होता. घरच्यांच्या सुरक्षिततेची हमी मिळाली नव्हती. म्हणून कार्यकर्त्यांनी एफआयआर नोंदवून थांबू नये. कलम १५-अ खाली संरक्षणाचा लेखी अर्ज द्यावा आणि निकाल लागेपर्यंत त्या घरी जात राहावे.