स्लायडर निर्दोष ठरल्यावर

स्लायडर खोलून धुण्याची कृती या अंकात देण्याचे मी कबूल केले होते. परंतु दरम्यान नागपूरच्या एका वाचकांचे जे पत्र आले, त्यातील प्रश्न इतका मूलगामी आहे की, त्याचा खुलासा होईपर्यंत ती कृती तहकूब ठेवणेच मला इष्ट वाटते.

पत्रलेखकांजवळ रोलँडचा जुनो-१०६ हा सिंथेसायझर आहे. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाका येथे स्थापन केलेल्या या कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणलेले हे सहा स्वरांचे वाद्य आजही हौशी वादकांच्या अत्यंत प्रीतीतले आहे, आणि ती प्रीती मला सर्वथैव सार्थ वाटते. पत्रलेखकांनी त्याच्या प्रत्येक स्लायडरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर सोडला, दांड्या पुष्कळ वेळा मागेपुढे केल्या, सर्व काही नीट वाळू दिले. तरीही सूर धरून ठेवला असता मध्येच खरखर उमटते ती उमटतेच.

गेल्या खेपेस पाहिलेली स्लायडरमधील कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा वायपर वाचकांच्या स्मरणात असतीलच. ज्या नियंत्रणातून प्रत्यक्ष ध्वनीचा प्रवाह जातो, तेथे धूळ किंवा सुकलेले ग्रीस या दोहोंच्या मध्ये आले की संपर्क क्षणोक्षणी तुटतो आणि कानाला करकर ऐकू येते. परंतु जुनो-१०६ मध्ये १२८ नाद स्मृतीत साठविण्याची सोय असल्यामुळे, दर्शनी फळीवरील बहुतेक स्लायडरांतून ध्वनी मुळी जातच नाही. दांडी कोठे आहे एवढेच आतला प्रोसेसर वाचतो, त्या स्थानाचा ० ते १२७ यांमधील एक आकडा ठरवितो आणि पुढचा सारा कारभार त्या आकड्याबरहुकूम चालतो. अशा स्लायडरमध्ये मळ साचला तर आकडा उड्या मारतो, फिल्टरचा नाद आपोआप हेलकावे खातो, दांडी हळूहळू सरकविली तरी नाद एकदम झेपावतो. हे दुखणे निराळे आणि खरखर निराळी. खात्री करून घ्यावयाची असेल तर पाठीमागचा मिडी-फंक्शनचा स्विच तिसऱ्या स्थानावर ठेवून वाद्य संगणकाला जोडावे. दांडीला हात न लावता आकडे बदलत राहिले तर दोष स्लायडरचा, एरवी त्याला विनाकारण त्रास देऊ नये.

मग खरखर कोठली? येथे एक चाचणी सांगतो, जिच्यावर माझा फार लोभ आहे, कारण तिला पेचकसही लागत नाही. वाद्य ‘पॉली-१’ या पद्धतीवर ठेवून एकच पट्टी सावकाश, पुनःपुन्हा दाबावी. सहा स्वरमार्ग पाळीपाळीने कामाला लागत असल्यामुळे, दर सहाव्या वेळेस खरखर आली तर एकाच मार्गातील ८००१७ए ही चिप बिघडली आहे असे समजावे. स्वराचा फिल्टर आणि त्याची तीव्रता सांभाळणारी ही चिप एपॉक्सीच्या आवरणात बंद केलेली असून, कालांतराने त्या आवरणातूनच विद्युत्प्रवाह झिरपू लागतो. कित्येक दुरुस्तीकार ती काढून ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवतात आणि मऊ पडलेले आवरण सोलतात. पुष्कळदा ती पूर्ववत चालू लागते. मात्र डीसोल्डरिंगचा हात बसलेला नसेल त्याने या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या बरहुकूम बनविलेल्या नव्या चिपाही हल्ली मिळतात.

खरखर प्रत्येक स्वरात असून केवळ व्हॉल्यूम फिरवितानाच येत असेल, तर मात्र पुन्हा व्हॉल्यूमच्या पॉटकडे, म्हणजे त्याच्या फिरत्या नियंत्रणाकडे, वळावे; तो स्वच्छ करूनही ती राहिली तर त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळका होऊन एकदिश दाब पॉटवर येत नाही ना, हे मीटरने पाहावे, कारण असा दाब अगदी नव्या कोऱ्या पॉटलाही करकरावयास लावतो.

नागपूरकरांनी तूर्त स्लायडरांत क्लीनरचा आणखी एक थेंबही सोडू नये. प्रत्येक फवाऱ्याबरोबर दांडीला संथ, भारदस्त चाल देणारे मूळचे ग्रीस थोडे थोडे धुऊन जाते. त्याची भरपाई कशाने करावयाची हे धुण्याच्या कृतीबरोबरच पुढील आठवड्यात सांगेन.