तार थोडी उतरली आहे, एवढेच

गेल्या पौषातली गोष्ट. माझा एक शिष्य सकाळच्या तालमीला आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच. वय सव्वीस, नोकरी संगणकावरची. तंबोरा जुळला, पण याचा आवाज काही लागेना. अखेर त्याने खिशातून कचेरीने करविलेल्या रक्ततपासणीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कोलेस्टेरॉल २२२, यकृताचे एसजीपीटी ६८.

"गुरुजी, वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. आता माझी पाळी का?"

मला उत्तर सुचेना. त्याच्या मातोश्रींनी तोवर घरातले तूप बंद केले होते आणि शेजारच्यांच्या सांगण्यावरून गुळवेलीचा काढा सुरू झाला होता. दुसऱ्याच दिवशी मी त्याला आमच्या परिचयाच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी आधी काढा बंद करायला सांगितले. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले आहेत. मग विचारले, "दारू घेता का?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी पान खाण्याचे निमित्त करून बाहेर आलो. आत काय बोलणे झाले ते मी आजवर विचारलेले नाही. पण गुरूच्या किंवा आईच्या देखत खरे उत्तर येत नाही आणि खऱ्या उत्तरावाचून निदान होत नाही, एवढे वडील मंडळींनी ध्यानात ठेवावे.

परत आत गेल्यावर जे कळले ते असे. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतले द्रव्य. पेशींना त्रास झाला की ते रक्तात झिरपते. साधारण चाळिसाच्या आत असावे. दुपटीच्या आतली वाढ ही सौम्य समजतात. तिची कारणे मात्र अनेक. मद्य, काही औषधे, बी आणि सी जातींची कावीळ. व्यायामशाळेत आदल्या दिवशी फार वजन उचलले तरी हा आकडा चढतो. थायरॉइड मंदावले तर कोलेस्टेरॉलही वाढते. म्हणून या साऱ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, आणि निदान निघाले ते आजकाल तरुणांत घरोघर आढळणारे: यकृतात साठलेली चरबी.

ही चरबी नुसत्या तुपाने येत नाही. साखर, मैदा, गोड पेये आणि दिवसभराची बैठक यांतून यकृत स्वतःच ती तयार करते. आपल्याकडच्या माणसाला ती अंगाने फारसा जाड नसतानाही गाठते. म्हणून पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. आता आम्हा इंदूरकरांची दिनचर्या पाहा. सकाळी पोह्यांवर मूठभर शेव आणि जोडीला जिलबी, दिवसभर खुर्ची, आणि रात्री अकरा वाजता सराफा! आमच्या दरबारी गवयाच्या घरात गळ्यासाठी तूप-बदाम हवेतच अशी श्रद्धा होती. पण ती मंडळी पायी हिंडत. आम्ही त्यांचा खुराक तेवढा उचलला.

औषध लगेच दिले नाही. त्याचे घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १४२ होते. ते १९० च्या वर असते तर तरुण वयातही गोळीचा विचार करावा लागला असता, कारण तो दोष बरेचदा आनुवंशिक असतो. वडिलांचा इतिहास पाहता ढिलाई मात्र नको, असे डॉक्टरांनी बजावले. पुढे गोळी लागलीच, तर यकृताच्या एवढ्याशा वाढीमुळे ती अडत नाही, हेही सांगितले.

उपाय साधेच निघाले. आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालणे. मद्य वर्ज्य. साखर, मैदा व तळण कमी. डाळी, उसळी, ज्वारी, भाज्या, अख्खी फळे अधिक. वनस्पती तूप नको. घरचे तूप चमचाभर चालेल. वजन शेकडा पाचांनी उतरले तरी यकृतातली चरबी घटते. सात ते दहांनी उतरले तर सूजही ओसरते. पण उपाशी राहून महिन्यात वजन पाडणे यकृताला मानवत नाही.

सव्वीस वर्षांच्या मुलाला सराफा सोडणे सोपे नव्हते. पहिल्या महिन्यात दोनदा मोडले. मी त्याला म्हटले, "अरे, तार थोडी उतरली आहे, तुटलेली नाही. उतरलेली तार रोज थोडी थोडी चढवायची असते." तो शिकवणीला पायी येऊ लागला.

आषाढात गुरुपौर्णिमेला तो नवा कागद घेऊन आला. वजन ८२ चे ७७ किलो, कोलेस्टेरॉल १९४, एसजीपीटी ३९. दर वर्षी तपासणी करायचीच आहे, हे त्याने आपणहून सांगितले. मातोश्रींनी आनंदाने पेढे धाडले होते. आम्ही दोघांनी एकेक खाल्ला, डबा झाकून ठेवला आणि तंबोरे जुळवायला घेतले.