घराण्याचा दोष की पेशीचा?

‘जनुकीय’ हा शब्द कानी पडला, की आपल्याकडे पहिला विचार येतो तो घराण्याचा. कर्करोग जनुकांतील बिघाडामुळे होतो असे कोणी सांगितले, की रुग्णाच्या मुलांकडे, विशेषतः लग्नाच्या मुलींकडे, लोक संशयाने पाहू लागतात. आमच्या हिंगण्याकडे असे बोलणे मी पुष्कळदा ऐकले आहे. पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या निमित्ताने या शब्दाचा उलगडा करण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

यकृतात तयार होणारे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या म्हणजे पित्तनलिका. येथील कर्करोग बहुधा उशिरा ध्यानात येतो. कावीळ दिसेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ अनेकदा टळून गेलेली असते.

जनुकांतील बदल दोन प्रकारचे असतात. पहिला जन्मतः आलेला. पित्तनलिकेला लागूनच असलेल्या पित्ताशयाच्या कर्करोगाचा असा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने २०१७ साली प्रसिद्ध केला. एबीसीबी-१ आणि एबीसीबी-४ या जनुकांच्या भागातील फरकांमुळे धोका वाढतो, असे त्यात आढळले. परंतु धोका वाढणे म्हणजे रोग होणेच नव्हे.

दुसरा बदल आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत घडतो आणि त्या पेशीपासून वाढलेल्या गाठीपुरताच राहतो. कपाशीच्या एका बोंडात अळी शिरली म्हणून शेतातल्या साऱ्या सरकीत खोट येत नाही, तसेच हे.

नवीन औषधे मुख्यतः या दुसऱ्या बदलावर नेम धरतात. यकृताच्या आतील पित्तनलिकांच्या कर्करोगात शंभरापैकी सुमारे १० ते १५ रुग्णांत एफजीएफआर-२ हे जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडले गेलेले असते. आमच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्राचे बटण अडकून ते थांबूच नये, तशी पेशीला ‘वाढ’ ही आज्ञा सतत मिळत राहते. हे बटण बंद करणाऱ्या पेमिगॅटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. आधीचे उपचार होऊनही रोग वाढलेल्या १०७ रुग्णांच्या चाचणीत ३८ जणांच्या गाठी बऱ्याच आकसल्या. आयडीएच-१ या जनुकातील बिघाडावरील आयव्होसिडेनिब २०२१ साली मान्य झाले.

हा रामबाण इलाज मात्र नव्हे. काही महिन्यांनी गाठ औषधाला दाद देईनाशी होते. शिवाय किंमत सामान्य कुटुंबाला न पेलणारी. ज्याच्या गाठीत तो बिघाडच नाही, त्याला ही गोळी व्यर्थ. म्हणून गाठीच्या तुकड्याची जनुकतपासणी आधी व्हावी लागते.

काही थोड्या कुटुंबांत दोष खरोखरच वारशाने येतो. तो रक्ततपासणीने कळू शकतो आणि डॉक्टर तसे सांगतात. म्हणून ‘हा बदल गाठीतला की जन्माचा?’ हे डॉक्टरांनाच विचारावे. त्याचा निवाडा गावाच्या पारावर होऊ नये, आणि त्यापायी कोणा मुलीचे लग्न अडू नये.